तीनशे की तीनशे तेहतीस

फ्लोटिंग पॉइंट म्हणजे काय, हे मला आजही माहीत नाही. पण तो कोणाचा चांगला आणि कोणाचा बेताचा, हे विचारलंत तर झोपेतून उठून सांगेन. पेंटियम टूचा चांगला. के-सिक्स-टूचा बेताचा, पण किमतीच्या मानाने नाव ठेवायला जागा नाही. हे शिकायला मी कुठे गेले नव्हते. अख्खं वर्षभर मी हे माझ्या भावाला मोठ्याने वाचून दाखवत होते, इंग्रजीतून, कॉमा आणि फुलस्टॉपसकट.

भाऊ माझा भीमराज. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तीन वर्षांचा असताना त्याला गोवर निघाला आणि त्यात डोळे गेले. आमचे वडील रंभाजी पुणतांब्याला रेल्वेत गँगमन होते. त्यांनी त्याला अंधशाळेत घातलं, तिथून तो शिकत शिकत एम.ए. झाला आणि नगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागला. आईवडील गेल्यावर आम्ही दोघं केडगावात दोन खोल्या घेऊन राहत होतो. आता इंग्रजी शिकवायचं तर इंग्रजी वाचावं लागतं, आणि ब्रेलमध्ये हवं ते पुस्तक वेळेवर मिळेल तर शपथ. मग वाचणार कोण? मी.

मी जयमाला. मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकले, त्यात इंग्रजीचा पेपर कसाबसा काढला. पण इंग्रजी कळणं वेगळं आणि वाचणं वेगळं. सुरुवातीला शब्द अडला की मी अक्षरं सांगायची, तो उच्चार सांगायचा. असं करता करता पंधरा वर्षांत मी धडाधड वाचायला लागले. अर्थ मात्र निम्म्याहून जास्त डोक्यावरून जायचा. शेजारच्या छबूबाई खिडकीतून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "जयमाले, तू तर मडमच झाली गं." त्यांना काय सांगणार? मडमेला निदान आपण काय बोलतोय ते तरी कळतं.

आमची रीत ठरलेली होती. तो खाटेवर भिंतीला टेकून बसायचा, मी खिडकीपाशी स्टुलावर. वाक्य संपत आलं की तो म्हणायचा, "पुढं." कधी कधी वाक्य अर्ध्यात असतानाच म्हणायचा, "पुढं." मला वाटायचं, घाई करतोय, मुकादमासारखा. मी म्हणायची, "पुढंच चाललीय की. घोडी हाय का मी?" मग पान उलटलं की पुन्हा तेच. एवढ्या एका शब्दाने माणूस किती थकतो ते मला विचारा. घसा बसायचा ते निराळंच. ज्येष्ठमध चघळत वाचलंय मी, तापात वाचलंय, दाढ दुखत असताना गालाला रुमाल बांधून वाचलंय. पेपर तपासायचे दिवस आले की पोरांची उत्तरं मी वाचायची, मार्क तो सांगायचा. एकाच धड्याचं तेच ते उत्तर, दोन-अडीचशे पोरांनी दोन-अडीचशे तऱ्हांनी चुकवलेलं. त्या दिवसांत मला स्वप्नंसुद्धा चुकीच्या इंग्रजीत पडायची.

मी तक्रार केली नाही असं मुळीच नाही. रोज केली. पण वाचायचं सोडलं नाही, आणि एक ओळ कधी गाळली नाही.

त्या डिसेंबरात चांगुणाबाई घरी आल्या. आईच्या ओळखीच्या. शेवगावात एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह त्या बघायच्या. तिथल्या अधीक्षिका उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. भीमा तेव्हा कॉलेजात गेलेला. चहा पिता पिता बाई म्हणाल्या, "जयू, तू ये. पोरींवर लक्ष ठिवायचं, कोठीचं बघायचं. ऱ्हायाला खोली हाय, पगार हाय. जूनमधी शाळा उघडायच्या आत ये."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या गेल्यावर कपबश्या विसळल्या आणि तिथेच मोरीच्या काठावर बसून राहिले. सदतीस वर्षांची झाले होते मी. स्थळं आली होती, ती सगळी "भावाचं काय करणार?" असं विचारून गेली होती. सरळ "तू ये" असं मला तोवर कोणी म्हटलंच नव्हतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मनातल्या मनात मी त्या खोलीत दोरी बांधून त्यावर माझी साडी वाळत घातलीसुद्धा.

भीमाला मात्र सांगितलं नाही. तो "जा" म्हणाला असता आणि मी गेल्यावर मिटलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बसला असता. ते चित्र डोळ्यांसमोर घेऊन मी शेवगावला काय पोरी सांभाळणार होते? म्हणून ठरवलं, आधी मशीन येऊ दे. मशीन आलं की त्याच दिवशी सांगायचं.

मशीन म्हणजे बोलणारा लॅपटॉप. आदल्या उन्हाळ्यात अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने पुण्यात शिबिर घेतलं होतं, तिथे भीमा आठवडाभर राहून आला होता. छापलेलं पान स्कॅनरवर ठेवायचं, कॉम्प्युटर त्यातली अक्षरं ओळखतो आणि इंग्रजीत वाचून दाखवतो. तिथून आला तो दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अक्का, तसलं मशीन घ्यावं म्हनतो. पन एवढ्या पैशाची वस्तू, नीट बघून घेऊ." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी शिरा केला.

शिरा फुकट गेला. कारण ते नीट बघणं काही संपेना. पुण्याहून तो कॉम्प्युटरची मासिकं मागवायला लागला. ती इंग्रजी, आणि वाचणार अर्थात मीच. म्हणजे बघा, मला सुट्टी देणारं मशीन कोणतं घ्यावं, हे ठरवायलासुद्धा माझाच घसा. त्यात ती कोष्टकं! गोष्ट वाचताना ओघात तरी जाता येतं. कोष्टक वाचायचं म्हणजे आधी उभी ओळ सांगा, मग आडवी, मग तिसऱ्या रकान्यात काय, मग पुन्हा पहिल्या रकान्यात काय होतं. भीमा सगळं डोक्यात मांडत बसायचा आणि मधेच म्हणायचा, "थांब, बॅटरीवर चालवल्यावर किती म्हनलीस?" मी मागे जायची.

मासिकांनी सांगितलं ते असं. लॅपटॉपचा जीव म्हणजे त्याचा प्रोसेसर, आणि त्या वर्षी झुंज दोघांची होती. एक पेंटियम टू, वेग तीनशे मेगाहर्ट्झ. दुसरा दुसऱ्या कंपनीचा के-सिक्स-टू, तीनशे तेहतीस मेगाहर्ट्झ. मी आपली बाजारात वाढलेली बाई. मी म्हटलं, "तीनशे तेहतीस मोठं, तर महाग तेच असंल." तर नाही. तीनशेवाला महाग आणि तीनशे तेहतीसवाला स्वस्त. दोघांतला फरक एका नव्या लुना मोपेडएवढा. का, तर पेंटियमची कॅश, म्हणजे हाताशी ठेवायची मेमरी, त्याच्या पोटातच असते आणि फ्लोटिंग पॉइंट जोरदार असतो. के-सिक्स साध्या कामात त्याच्या खांद्याला खांदा लावतो, अवघड कामात थोडा मागे पडतो. आता छापील पान वाचणं हे साधं काम की अवघड, हे मात्र एकाही मासिकाने लिहिलं नव्हतं. भीमा त्यावर महिना महिना विचार करायचा. फेब्रुवारीत त्याचं पेंटियमवर ठरलं. मार्चमध्ये किमती उतरणार असं वाचलं म्हणून थांबला. एप्रिलमध्ये के-सिक्सवर आला.

मे महिन्यात शेवगावहून चांगुणाबाईंचा निरोप आला, की शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळव, नाहीतर दुसरी बाई बघते. त्याच आठवड्यात उझैरने भीमाला दुकानात बोलावलं. बोलावलं बुधवारी. मी म्हटलं, आता काय ते बुधवारी.

उझैर भीमाचाच विद्यार्थी. माळीवाड्यात त्याच्या वडिलांचं, बाबाजानचाचांचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पोराने तिथे कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली, पण पाटीवर अजून रेडिओच होता. चाचा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. उझैर शांत स्वभावाचा, पण भीमाने वर्षभर त्यालाही पिळून काढलं होतं.

आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले, प्रत्येकाला एकेक स्कॅनर जोडलेला. एक काळा, एक राखाडी. काळ्यात पेंटियम, राखाडीत के-सिक्स.

उझैर म्हणाला, "सर, पुण्याच्या डीलरकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेत. दोन्हीत वाचनाचं सॉफ्टवेअर घातलंय. उद्या परत पाठवायचेत. आज काय तो निकाल लावा."

"लावू की," भीमा म्हणाला. "घाई कशाला?"

मी पदराने कपाळ पुसलं.

भीमाने अकरावीचं पाठ्यपुस्तक आणलं होतं. उझैरने एक पान काळ्या मशीनच्या स्कॅनरवर ठेवलं. झाकणाखालून हिरवा उजेड सरपटत गेला. मग काहीच नाही. नुसता पंख्याचा घूं घूं आवाज. भीमाची मान पुढे झुकलेली. बऱ्याच वेळाने मशीन बोललं, सर्दी झालेल्या परदेशी माणसासारखं. एकेक शब्द मोजून मापून. मग तेच पान राखाडी मशीनला. तेही तसंच थांबलं आणि त्याच सर्दीच्या आवाजात बोललं. उझैरने घड्याळ लावलं होतं. काळं मशीन पुढे होतं, पण किती? चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ नाही.

"पुन्हा," भीमा म्हणाला.

पुन्हा झालं. मग दुसरं पान. मग कवितेचं पान, कारण ओळी तुटक असतात. मग बारीक टाइपाचं. प्रत्येक वेळी काळं जरासं पुढे, राखाडी जरासं मागे. आणि प्रत्येक वेळी भीमा म्हणाला, "पुन्हा." चाचांनी दोनदा चहा मागवला. माझ्या ब्लाऊजला घामाने धारा लागल्या होत्या. मग लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिले, स्कॅनर बंद पडले.

अंधाऱ्या दुकानात आम्ही बसून राहिलो. भीमाने पाय लांब केले आणि म्हणाला, "दिवाळीपर्यंत लॅपटॉपमध्ये पेंटियम थ्री येणार म्हणतात, उझैर. तो आला की टूच्या किमती पडतील, नाही का?"

मला वाटलं, समोरचं टेबल उचलून रस्त्यावर फेकावं. वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते माझ्यापासून दोन हातांवर होतं, एक नाही दोन होतं, आणि हा माणूस दिवाळीच्या गोष्टी करत होता. तेव्हा मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, की याला घ्यायचंच नाही. प्रोसेसर हा नुसता बहाणा आहे. एकापेक्षा एक चांगला येतच राहणार, आणि तो येईपर्यंत स्टुलावर मी आहेच, फुकट आणि बिनतक्रार चालणारी. बिनतक्रार नाही, पण चालणारी.

लाईट आली. उझैर वातावरण हलकं करायला म्हणाला, "सर, आता एकदा ताईंनाही उतरवू मैदानात. तिघांची शर्यत होऊन जाऊ दे."

त्याने एक नवं पान घेतलं, त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, एकेक दोन्ही मशीनला दिली आणि पुस्तक माझ्या हातात. स्कॅनरचा उजेड सरकला आणि मी सुरू केलं. धडाधड. कुठे अडखळले नाही, कॉमा सोडला नाही. दोन्ही मशीनं अजून पान चघळतच होती तोवर माझं अर्धं पान झालं, आणि त्यांचा सर्दीचा आवाज निघाला तेव्हा मी शेवटच्या ओळींवर होते.

चाचांनी टाळ्या वाजवल्या. "जितली, बेटी जितली!"

"ताई, तुमच्यापुढे पेंटियम काय नि के-सिक्स काय," उझैर म्हणाला.

शाळेतसुद्धा मी कधी कशात पहिली आले नव्हते. आयुष्यात एकदा जिंकले, ते हे. मला हसावं की रडावं कळेना, आणि मग ते दोन्ही न होता भलतंच झालं. मी ओरडले.

"झालं का समाधान? घे आता! न्हायतर नको घेऊ! दिवाळीची वाट बघ, न्हायतर म्हातारा होईस्तोवर बघ. पन मी न्हाई थांबनार आता."

भीमा दचकला. "म्हंजी?"

"मला शेवगावला बोलावलंय. पोरींच्या वसतिगृहात, अधीक्षिका म्हनून. शनवारपर्यंत हो म्हनायचंय. आन मी हो म्हननार हाय."

चाचांनी हातातला कप खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही. मला वाटलं, आता भीमाचा चेहरा पडेल, आणि तो पडला की मी शब्द मागे घेईन. म्हणून मी त्याच्याकडे न बघता राखाडी मशीनकडे बघत राहिले.

"कवा बोलावलं?" त्याने विचारलं.

"डिसेंबरात."

"डिसेंबरात," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला नाही. त्यावर काय होतं ते मला ओळखू येईना, आणि त्याचा चेहरा मला ओळखू येत नाही असं कधी झालं नव्हतं. मग तो टेबलाकडे वळला.

"उझैर, बोलण्याचा वेग वाढवता येतो त्यात. वाढव."

"किती, सर?"

"मी बस म्हणेपर्यंत."

उझैरने कुठल्या तरी कळा दाबल्या. काळं मशीन तेच पान पुन्हा वाचायला लागलं, माझ्या वेगाने. भीमाने हाताने खूण केली, अजून. मशीन पळायला लागलं. शब्द एकमेकांच्या पाठीवर चढायला लागले. अजून. आता मला शब्द वेगळे ऐकू येईनात. अजून. आता तो आवाज माणसाचा राहिलाच नाही, नुसती चरचर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. मला वाटलं, मशीन बिघडलं. मी उझैरकडे बघितलं, तर तोही माझ्याकडेच बघत होता.

"बस," भीमा म्हणाला. "राहू दे एवढाच. आता पुढची पानं घाल."

एकामागून एक पानं गेली. चरचर चालू. भीमा खुर्चीत सरळ बसलेला, डोकं किंचित तिरपं. त्याच्या तोंडावर मी असं काही बघितलं जे पंधरा वर्षांत माझ्या वाचण्याने कधी आलं नव्हतं. तहानलेलं माणूस घटाघटा पाणी पितं तसं तो ऐकत होता. मधे एका ठिकाणी तो खुदकन हसला. चरचर थांबली तेव्हा उझैरने विचारलं, "सर, कळलं तुम्हाला?"

भीमाने सगळा धडा मराठीत सांगितला. कोण कोणाला काय म्हणालं, कुठे विनोद होता, तिसऱ्या पानावर छपाईची चूक होती तीसुद्धा. उझैर पुस्तकात बोट घालून ताडून बघत होता आणि मान हलवत होता.

"आता राखाडीवर," भीमा म्हणाला. राखाडी मशीननेही तशीच चरचर केली, त्याच वेगाने, आणि भीमाला तीही तशीच कळली. तीनशे असो की तीनशे तेहतीस, त्याच्या कानाला फरक काही नव्हता. वर्षभर आम्ही दोन मशीनं एकमेकांशी ताडत बसलो होतो. फरक होता तो त्या दोघांत आणि माझ्यात.

मी तिथल्याच एका स्टुलावर बसले. बसायला लागलंच. पंधरा वर्षं मी समजत होते, की मी याला ओढतेय. मी थकतेय, घसा माझा बसतोय, आणि तो आयता बसून हुकूम सोडतोय. आणि तो माझ्या एकेका शब्दासाठी थांबून होता. मी अक्षरं लावत होते, पाणी पीत होते, खोकत होते, दूध उतू जाईल म्हणून मधेच उठत होते. आणि तो वाक्याचा शेवट कधीच ओळखून पुढच्या वळणावर उभा होता, एका शब्दाने मला बोलावत.

"पुन्यातच कळालं हुतं ना तुला?" मी विचारलं.

"व्हय. तिथं एका दिवसात अख्खी कादंबरी वाचली मी. रातभर झोप आली न्हाई."

"मग वरीस का घालवलं माझं?"

त्याने खाली मान घातली. आंधळ्या माणसाला खाली मान घालायची काय गरज, पण घातली.

"मला वाटलं, मशीन आनलं तर तू काय करशील? दिसभर त्या दोन खोल्यांत. वाचनं हाय म्हनून तुला काम हाय, मान हाय. छबूबाई मडम म्हनत्यात. ते बी काढून घेतलं तर... तुझं दुसरं काय हाय, अक्का?"

हे ऐकून मला जे लागलं ते सांगता येत नाही. कानाखाली कोणी मारली असती तर बरं वाटलं असतं. माझं दुसरं काय आहे! ज्याच्यासाठी मी स्वतःचं दुसरं काही होऊ दिलं नाही, तो मला हे विचारत होता. आणि वाईट असं, की तो कळवळून विचारत होता. मी याच्यावर दया करत होते तेव्हा हा माझ्यावर दया करत होता. दोघं एकमेकांना सांभाळत एकाच खोलीत थकत बसलो होतो.

"मला इचारायचं हुतं," मी म्हटलं.

"आन तू? शेवगावचं तू सांगितलं मला? डिसेंबरात सांगायचं, बये. डिसेंबरातच घेतलं असतं."

चाचा पुढे आले आणि माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवून पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

"सर, मग कोणता बांधू?" उझैरने अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"राखाडी," भीमा म्हणाला. "स्वस्तातला. ऐकायला दोन्ही सारखेच."

कॅश, फ्लोटिंग पॉइंट, उभे रकाने आणि आडवे रकाने, सगळं दोन वाक्यांत निकालात निघालं. मला त्या मासिकांची कीव आली. नाही, खरं सांगते, माझी आली.

उझैर म्हणाला, हेच मशीन ठेवून घ्या, डीलरशी मी बोलतो. आम्ही रिक्षाने घरी आलो. मशीन भीमाच्या मांडीवर, स्कॅनर माझ्या. घरी येऊन मी भात टाकला, शेजारच्या पीसीओवरून चांगुणाबाईंना फोन केला आणि हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "आली का अक्कल?" मी म्हटलं, "आली."

संध्याकाळी भीमाने मशीन लावलं नाही. म्हणाला, "पेपर ऱ्हायलाय आजचा." पेपर मराठी. मशीनला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. मी खिडकीपाशी बसले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पाणीटंचाई, मग कुठल्याशा मंत्र्याचा दौरा, मग कांद्याचे भाव. तो भिंतीला टेकून ऐकत होता. माझ्या कानात मात्र ती चरचर होती. मला माझा एकेक शब्द ऐकू यायला लागला, किती सावकाश पडतोय तो, नळाला शेवटचं पाणी यावं तसा. शेवटी मी थांबले.

"भीमा, खरं सांग. हळू वाचते का रे मी?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं. मला कळलं, काहीतरी गोड बोलायच्या विचारात होता. मग त्याने तो विचार सोडून दिला.

"लई," तो म्हणाला.

मी पेपर त्याच्या अंगावर फेकला. हसू आलं, इतकं की पोटात दुखायला लागलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. त्याने मला गप्प केलं नाही. खाटेवर चाचपडत एकेक पान गोळा केलं, कशीबशी घडी घातली आणि हात लांब करून पेपर माझ्याकडे धरला.

"क्रिकेटचं ऱ्हायलं," तो म्हणाला.

घडी उलटी होती, मधलं पान बाहेर आलेलं. मी ती सुलटी केली, डोळे पदराला पुसले आणि क्रिकेटचं वाचायला लागले, माझ्या चालीने.